स्पार्कलिंग वाइनची द्राक्षे लावताय? कॅनॉपीचा एकरी हिशेब

द्राक्षबागेच्या खर्चाची चर्चा आपल्याकडे औषधे, पाणी आणि व्यापाऱ्याचा भाव या तीन गोष्टींवर येऊन थांबते. बुडबुड्यांच्या, म्हणजे स्पार्कलिंग वाइनच्या द्राक्षात मात्र मालाचा दर्जा त्याआधीच ठरतो. वेलीवर किती फुटी ठेवल्या, प्रत्येक फुटीवर किती पाने राहिली, घडावर सकाळचे ऊन पडले की दुपारचे, यावर सगळे अवलंबून असते. फूट विरळणी, बांधणी, बगलफूट काढणे, शेंडा मारणे या सगळ्या कामांना मिळून बागायतदार कॅनॉपी म्हणतात. छत्रपती संभाजीनगर परिसरात एक एकर बाग धरली तर या कामांना किती खर्च येतो, तो कुठे कमी करता येतो आणि कुठे हात आखडला तर नुकसान होते, ते इथे मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. स्पार्कलिंगच्या द्राक्षाबद्दलची बरीचशी माहिती थंड देशांतून येते. तिथे ऊन कमी, म्हणून घडाभोवतीची पाने काढून घड उघडा करा असे सांगतात. आपल्याकडे तोच सल्ला जसाच्या तसा पाळला तर मजुरी देऊन माल खराब करून घेतल्यासारखे होईल. इथे कॅनॉपीचा पैसा दोन हंगामांत दोन वेगळ्या कारणांसाठी लावायचा असतो: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीला उजेड मिळावा म्हणून आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घडाला सावली मिळावी म्हणून. खालचा सगळा हिशेब या एका मुद्द्यावर उभा आहे.

थोडक्यात

- लागवड ८ × ४ फूट, एकरी सुमारे १,३६० वेली.
- खांब व तारांचा एकदाचा खर्च: सुमारे २ लाख ६२ हजार रुपये.
- कॅनॉपीची वार्षिक मजुरी: सुमारे ८१ हजेऱ्या, ३६,४०० रुपये.
- रात्रीची तोडणी: सुमारे १७,१०० रुपये.
- एकरी ५.४ टन माल धरला तर कॅनॉपीचा बोजा (खांब-तारांचा वार्षिक हिस्सा धरून, तोडणी सोडून) किलोमागे दहा रुपयांच्या आसपास.

दर हिशेबासाठी धरलेले आहेत: एक हजेरी ४५० रुपये आणि तिच्यात प्रत्यक्ष कामाचे सात तास. मजुरी आणि लोखंडाचा भाव गावोगाव, हंगामागणिक बदलतो. म्हणून मिनिटे, मीटर आणि किलो वेगळे दिले आहेत. तुमचा दर घातला की तुमचा आकडा निघेल.

आधी खरेदीदार, मग रोप

खाण्याचे द्राक्ष बिघडले तर बेदाणा करता येतो, स्थानिक बाजार असतो. वाइनच्या द्राक्षाला वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही, आणि स्पार्कलिंगसाठी लवकर तोडलेले आंबट द्राक्ष तर दुसऱ्या कोणत्याच बाजारात चालत नाही. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, त्यानंतर वाइनच्या जातींची लागवड झपाट्याने वाढली. २००८ नंतरच्या मंदीत वायनऱ्यांची उचल घटली, तेव्हा नाशिक भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी याच बागा उपटल्या. तो धडा लक्षात ठेवून लागवडीआधी लेखी करार करा.

आपल्या राज्यात या वाइनचा इतिहास लहान नाही. नारायणगावच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच तांत्रिक मदतीने ‘ओमर खय्याम’ ही स्पार्कलिंग वाइन बनवली. पुढे सुला, यॉर्क, ग्रोव्हर झाम्पा या वायनऱ्यांनी नाशिक परिसरात स्पार्कलिंग काढली आणि २०१३ मध्ये दिंडोरीची शाँदों बाजारात आली. आपल्याकडे या कामासाठी मुख्यतः शेनिन ब्लां वापरतात. शार्दोने आणि पिनो न्वार या शॅम्पेन प्रांतात वापरल्या जाणाऱ्या जाती, त्याही काही प्रमाणात लावल्या जातात. वायनरी कोणती जात घेणार, हे विचारल्याशिवाय रोपाची मागणी नोंदवू नका.

अंतराचाही विचार करा. मराठवाड्यात द्राक्ष म्हणजे मुख्यतः खाण्याचे द्राक्ष. वायनऱ्यांची गर्दी नाशिक जिल्ह्यात आहे आणि आपल्याला जवळ पडतो तो येवल्याच्या पलीकडचा विंचूरचा वाइन पार्क. वैजापूर, गंगापूर तालुक्यांतल्या शेतकऱ्याला हे अंतर परवडते. पैठण किंवा सिल्लोडकडून माल न्यायचा तर वाहतुकीचा वेळ आणि भाडे दोन्ही वाढतात. माल कुणाच्या गाडीत आणि कुणाच्या जोखमीवर जाणार, हे करारातच लिहून घ्या.

माल कसा हवा, त्यावर काम ठरते

साध्या वाइनसाठी द्राक्ष २२ ते २४ ब्रिक्स साखरेपर्यंत पिकू देतात. स्पार्कलिंगसाठी ते साधारण १८ ते १९ ब्रिक्सलाच तोडतात. कारण असे, की आधी दहा-साडेदहा टक्के अल्कोहोलची हलकी वाइन तयार करतात आणि मग बाटलीत लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घालून ती पुन्हा आंबवतात. त्यातून बुडबुडे येतात आणि अल्कोहोल आणखी सव्वा-दीड टक्क्याने वाढते. सुरुवातीलाच साखर जास्त असेल तर शेवटची वाइन जड होते.

साखर कमी चालते, पण आम्ल भरपूर लागते. लिटरमागे साधारण ८ ते १० ग्रॅम आम्लता आणि ३.० ते ३.३ पीएच अशा मर्यादेत वायनऱ्या माल मागतात. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन मुख्य आम्ले असतात. मॅलिक आम्ल उष्णतेत भराभर जळते. दुपारच्या उन्हात उघडा राहिलेला घड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, साखर भरायच्या आत आम्ल उतरते आणि मण्यावर करपल्यासारखे डाग पडतात.

म्हणून घड झाकून टाकावा असे वाटेल, पण त्यालाही मर्यादा आहे. दाट पानांच्या अंधारात मण्यात पोटॅशियम साठते, पीएच चढतो, हवा खेळत नाही आणि भुरी शिरते. औषधाचा फवाराही आत पोहोचत नाही. म्हणजे हवी ती जाळीदार सावली, आणि मजुरी लागते ती याच नेमकेपणासाठी.

एकदाचा खर्च: खांब आणि तारा

खाण्याच्या द्राक्षाला आपल्याकडे मांडव किंवा वाय पद्धत रूढ आहे. वाइनच्या द्राक्षाला बहुतेक ठिकाणी उभ्या भिंतीसारखी रचना करतात. खाली एका तारेवर ओलांडा, त्यावर तारांच्या तीन जोड्या, आणि फुटी त्या जोड्यांमध्ये सरळ वर नेलेल्या. बागायतदार आणि सल्लागार तिला व्हीएसपी म्हणतात.

८ फुटांच्या ओळी धरल्या तर चौरस एकरात साधारण २६ ओळी बसतात आणि त्यांची एकूण लांबी सुमारे १,६५० मीटर होते. बांध आणि गाडीवाट सोडली की प्रत्यक्षात थोडी कमी. हिशेब असा:

- ओलांड्याची तार, १० गेज: १,६५० मीटर, सुमारे १०७ किलो.
- फुटींच्या सहा तारा, १४ गेज: ९,९०० मीटर, सुमारे २५२ किलो.
- तारेचा एकूण खर्च, किलोला ९० रुपये धरून: ३२,४०० रुपये.
- टोकाचे खांब ५२, ताणासह प्रत्येकी १,५०० रुपये: ७८,००० रुपये.
- मधले खांब २३४, प्रत्येकी ५०० रुपये: १,१७,००० रुपये.
- ताणपट्ट्या, हुक, खड्डे आणि उभारणी: ३५,००० रुपये.

बेरीज २,६२,४०० रुपये. रचना पंधरा वर्षे टिकली असे धरले तर वर्षाला साडेसतरा हजार रुपये. कर्ज काढले तर व्याज वेगळे मोजा. टोकाच्या खांबावर काटकसर करू नका. सगळ्या तारांचा ताण तोच झेलतो आणि तो झुकला की पूर्ण ओळीची भिंत ढिली पडते.

खांब रोवण्याआधी एका निर्णयाला एक पैसाही लागत नाही, पण तो नंतर बदलता येत नाही: ओळीची दिशा. आपला घड नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाढतो आणि पिकतो. या काळात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. ओळी पूर्व-पश्चिम टाकल्या तर दक्षिणेकडच्या घडांवर दिवसभर ऊन बसते. उत्तर-दक्षिण ओळी त्याहून बऱ्या. ओळ थोडी ईशान्य-नैऋत्य अशी कलती टाकली तर दुपारनंतरचे नैऋत्येचे ऊन ओळीच्या लांबीने निघून जाते आणि घडाच्या अंगावर थेट कमी येते. जमिनीचा उतार परवानगी देत असेल तर अशीच आखणी करा.

दरवर्षीचा खर्च: वेलीमागे मिनिटे

मजुरीचा अंदाज ‘एकरी इतके’ असा ऐकीव घेऊ नका. वेलीमागे किती मिनिटे लागतात ते मोजा. १,३६० वेली आणि हजेरीत ४२० मिनिटे, म्हणजे वेलीमागे एक मिनिट वाढले की एकरी सव्वातीन हजेऱ्या आणि सुमारे १,४६० रुपये वाढले. सलग दहा वेलींवर एका मजुराचे काम घड्याळ लावून बघा आणि सरासरी काढा. खाली दिलेली मिनिटे मध्यम जोमाच्या, तीन वर्षांवरच्या बागेसाठी धरली आहेत.

एप्रिलचा हंगाम, एकूण १० मिनिटे:

- खरड छाटणी: ३ मिनिटे.
- फूट विरळणी, दोन फेऱ्या: ३ मिनिटे.
- बगलफूट काढणे व शेंडा खुडणे, दोन फेऱ्या: २ मिनिटे.
- काडी बांधणी: २ मिनिटे.

सुमारे ३२ हजेऱ्या, १४,६०० रुपये.

ऑक्टोबरचा हंगाम, एकूण १५ मिनिटे:

- छाटणीआधी पानगळ: २ मिनिटे.
- फळछाटणी: ३ मिनिटे.
- डोळ्यांना पेस्टिंग: १ मिनिट.
- फेलफुटी काढणे: २ मिनिटे.
- फुटी तारेत घालणे, तीन फेऱ्या: ३ मिनिटे.
- बगलफूट आणि पूर्वेकडची निवडक पाने: २ मिनिटे.
- शेंडा मारणे: १ मिनिट.
- जास्तीचे घड काढणे: १ मिनिट.

सुमारे ४९ हजेऱ्या, २१,९०० रुपये. दोन्ही हंगाम मिळून २५ मिनिटे, ८१ हजेऱ्या आणि ३६,४०० रुपये.

दोन छाटण्या का, असा प्रश्न नवीन माणूस विचारतो. थंड देशात वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपते आणि वर्षाला एकच छाटणी पुरते. आपल्या हवेत ती झोपतच नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने या भागात द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात अशी नोंद केली होती. आज आपण दोनदा छाटून एकदाच पीक घेतो. एप्रिलच्या छाटणीत काडी तयार करायची आणि ऑक्टोबरच्या छाटणीत त्या काडीवर फळ धरायचे.

एप्रिल: उजेडाला लावलेला पैसा

एप्रिल छाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो. त्या वेळी काडीच्या बुडाशी उजेड नसेल तर डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता ताणा तयार होतो. ऑक्टोबरमध्ये कितीही महागडे औषध मारले तरी तो घड परत येत नाही. म्हणून या हंगामातली विरळणी उशिरा ढकलू नका. फूट चार-सहा इंचांची असताना ती बोटाने मोडते. तीन आठवड्यांनी तिलाच कात्री लागते, जखम मोठी होते आणि तीन मिनिटांचे काम सहा मिनिटांवर जाते. वेळ चुकल्याचा भुर्दंड एकरी चार हजारांहून जास्त, आणि तोही फक्त एका कामाचा.

ओलांड्याच्या मीटरभर लांबीत १२ ते १५ फुटी ठेवा. ४ फुटांवरच्या वेलीला त्या साधारण १५ ते १८ येतात. मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे ओलांडा उघडा पडणार नाही एवढी पाने त्याच्या डोक्यावर राहू द्या. उघडा ओलांडा भाजतो आणि पुढे तिथे फूटच येत नाही.

ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासणी करून घ्या. प्रयोगशाळेत डोळे कापून कोणत्या डोळ्यात घड आहे ते पाहतात आणि त्यावरून किती डोळ्यांवर छाटायचे ते ठरते. एक एकरासाठी हा खर्च मामुली आहे. अंदाजाने छाटून घड असलेला डोळा कात्रीखाली गेला तर वर्ष जाते.

ऑक्टोबर: सावलीला लावलेला पैसा

फळछाटणी साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा. सप्टेंबरमध्ये घाई केली तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते आणि डाऊनीच्या फवारण्या वाढतात. फार उशीर केला तर माल फेब्रुवारीअखेरच्या उन्हात पिकतो आणि आम्ल हातातून जाते.

पेस्टिंगसाठी हायड्रोजन सायनामाइड वापरतात. हे विषारी आहे. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे याला पर्याय नाही. हे काम करणाऱ्या माणसाने त्या काळात दारू घेतली तर त्याला गंभीर त्रास होतो, म्हणून टोळीला आदल्या दिवशीच हे स्पष्ट सांगा. माणशी पाच-सहाशे रुपयांचे संरक्षक साहित्य खर्चात धरा आणि ते मालकाने द्यायचे, मजुराने आणायचे नाही.

फूट वाढू लागली की तारेच्या जोडीत घालायची. घालताना पूर्व आणि पश्चिम या दोन बाजू वेगळ्या वागवा. पूर्वेकडे फुटी सरळ आणि नीट उभ्या ठेवा. सकाळचे ऊन सौम्य असते, त्याने दव लवकर वाळते आणि भुरी मागे राहते. घडाभोवती फारच दाटी असेल तर याच बाजूची एक-दोन पाने मणी धरल्यानंतर लगेच काढा. त्या वेळी उघडलेल्या मण्याची साल उन्हाला सरावते. मण्यात पाणी उतरल्यावर पाने काढली तर मणी भाजतो.

पश्चिमेकडचे एकही पान घडासमोरून काढू नका. उलट त्या बाजूच्या तारा थोड्या ढिल्या ठेवा, म्हणजे फुटी बाहेर झुकून घडावर छत धरतात. ‘पाने साफ करा’ असे मोघम सांगितले तर टोळी दोन्ही बाजू सारख्याच स्वच्छ करते, म्हणून ओळीच्या टोकाच्या खांबाला पश्चिम बाजूने रंगाची खूण करून ठेवा. रंगाचा एक डबा पुरतो.

फुटीवर १६ ते १८ पाने झाली की शेंडा मारा. वेलीवर १६ फुटी, प्रत्येकीवर १८ पाने आणि एक पान साधारण १२० चौरस सेंटिमीटरचे धरले तर साडेतीन चौरस मीटर पानक्षेत्र मिळते. एका किलो द्राक्षाला साधारण ०.८ ते १.२ चौरस मीटर पान लागते. म्हणजे ही वेल चार किलो माल नीट पिकवू शकते आणि एकरी ५.४ टनांचा अंदाज यातूनच येतो. लोभाने सहा किलो धरले तर साखर भरायला उशीर होतो आणि ते दिवस आम्ल खातात.

सावली मोजायची कशी

यासाठी उपकरण विकत घेण्याची गरज नाही. एक बारीक, सरळ सळई घ्या. घडाच्या उंचीवर ती ओळीत आडवी, एका बाजूने दुसऱ्या बाजूला घाला आणि वाटेत किती पाने लागली ते लिहा. बागेत वेगवेगळ्या पन्नास ठिकाणी हे करून सरासरी काढा. थंड हवेच्या शास्त्रात एक ते दीड पान आदर्श मानतात. आपल्या उन्हात दीड ते दोन पानांवर थांबावे असे आमचे मत आहे. सरासरी तीनवर गेली तर पूर्वेकडून विरळ करा. एकच्या खाली आली तर पुढची पाने काढणी रद्द करा आणि ती मजुरी वाचवा.

खर्च वाढवणाऱ्या चार गोष्टी

पहिली, जमीन. आपल्याकडची खोल काळी जमीन वेलीला माजवते. फुटी थांबत नाहीत, बगलफुटींची रांग लागते आणि २५ मिनिटांची ३५ होतात. म्हणजे वर्षाला साडेचौदा हजार जास्त. निवड करता येत असेल तर निचऱ्याची मध्यम किंवा मुरमाड जमीन घ्या.

दुसरी, खुंट. डॉगरिज खुंट जोमदार आहे, ११० आर त्या मानाने आवरलेला. पाण्यात क्षार असतील तर निवड बदलते, म्हणून खुंट ठरवण्याआधी माती आणि पाणी दोन्ही तपासा.

तिसरी, पाणी. मणी धरल्यानंतर ठिबक मोजून चालवले तर फूट आपोआप आवरते आणि शेंडा मारण्याची एक फेरी वाचते. ठिबकला सरकारी अनुदान आहे. राज्याची पूरक मदत धरून ते अल्पभूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत जाते. अर्ज महाडीबीटीवर करायचा.

चौथी, रात्रीची तोडणी. घड थंड असतानाच वायनरीत पोहोचायला हवा, म्हणून पहाटे दोन ते सहा या चार तासांत तोडणी करून गाडी निघाली पाहिजे. संभाजीनगरजवळून सहाला निघालेली गाडी विंचूरला साधारण साडेनऊपर्यंत पोहोचते. एक माणूस या चार तासांत १४० किलोच्या आसपास तोडतो. ५.४ टनांसाठी ३८ माणसे, किंवा दोन रात्रींत १९-१९. रात्रीचे काम म्हणून चार तासांना पूर्ण हजेरी द्या: १७,१०० रुपये. मणी फुटता कामा नये, कारण स्पार्कलिंगसाठी अख्खे घड दाबतात. फुटलेल्या मण्याचा रस वाटेतच काळवंडतो. कॅनॉपी नीट असेल तर सगळे घड एका उंचीवर येतात आणि डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडातही तोडणी भरभर होते.

कुठे वाचते, कुठे वाचवू नये

खाण्याच्या द्राक्षाची सवय असलेल्यांना इथे काही खर्च सरळ वगळता येतात. मणी फुगवण्यासाठी जीएच्या बुडवण्या नकोत, मण्यांची विरळणी नको, घडाला कागद नको. लहान मणी आणि घट्ट साल वाइनला चालते. गंधकाची फवारणी तोडणीच्या तोंडावर टाळा. गंधक द्राक्षावर राहिले तर आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो आणि वायनरी माल परत पाठवू शकते. शेवटची फवारणी कधी थांबवायची हे करारातल्या अटीप्रमाणे ठरवा.

कात्री मात्र चांगली घ्या. बोथट कात्रीने काडी चिरडते आणि छाटणीचा वेगही घटतो. हातातला रिफ्रॅक्टोमीटर दोन-तीन हजारांत येतो, तो घ्याच. तोडणीआधीच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून दोनदा ओळीच्या दोन्ही बाजूंचे शंभर-दीडशे मणी वेगवेगळे वेचा, रस काढा, साखर पाहा आणि आम्लता वायनरीकडून तपासून घ्या. दोन बाजूंच्या आम्लतेत मोठा फरक दिसला तर पश्चिमेची सावली कमी पडली असे समजा आणि पुढच्या वर्षी त्याच ओळींवर आधी लक्ष द्या. ठरावीक ओळीच भाजत असतील तर फक्त तेवढ्या ओळींना पश्चिमेकडून शेडनेटची पट्टी लावा. पूर्ण बागेला जाळी लावण्याचा खर्च सहसा निघत नाही.

टोळी ठरवताना

जालना तालुक्यातले कडवंची हे पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांतून द्राक्षाचे गाव झाले. तिथल्या परिसरात छाटणी-विरळणीत तयार झालेले हात आहेत. त्यांना खाण्याच्या द्राक्षाची सवय असते, म्हणून पहिल्या दिवशी एक पूर्ण ओळ समोर उभे राहून करून घ्या. ठरवताना हे विचारा आणि लिहून ठेवा:

- दर हजेरीने की उक्ता? छाटणी उक्ती चालते. विरळणी आणि पाने काढणी हजेरीनेच द्या, कारण उक्त्यात घाई होते आणि चुकीची फूट जाते.
- किती फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांत किती दिवस?
- येण्याजाण्याचे भाडे कुणाकडे?
- पाऊस पडला तर हजेरीचे काय?
- एकाच वेळी आजूबाजूच्या किती बागा घेतल्या आहेत?

विरळणीचे कौशल्य बहुतेक वेळा टोळीतल्या बायकांच्या हातात असते आणि त्यांनाच कमी हजेरी देण्याची रीत आहे. ही रीत मोडा. एकसारख्या कामाला एकसारखी हजेरी दिली की तीच टोळी पुढच्या वर्षी वेळेवर येते, आणि या बागेत सगळा पैसा वेळेवरच अवलंबून आहे.

सल्ला कुठे मिळेल

पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र वाइनच्या जाती, खुंट आणि छाटणीवर काम करते. पुण्यातलाच महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ चर्चासत्रे घेतो. जवळ म्हणाल तर शहरातल्या हिमायत बागेतले फळ संशोधन केंद्र, संभाजीनगरची कृषी विज्ञान केंद्रे आणि जालन्यातल्या खरपुडीचे केंद्र. खासगी सल्लागार घेणार असाल तर त्याला एकच प्रश्न आधी विचारा: आमच्या बागेत पश्चिमेकडची पाने काढायची का? ‘हो’ असे झटकन उत्तर आले तर दुसरा सल्लागार शोधा.

सुरुवात कशी करावी

पहिल्या वर्षी पूर्ण क्षेत्र गुंतवू नका. करार झाल्यावर अर्धा एकर लावा. खांब-तारांना सव्वा लाखाच्या वर आणि तीन वर्षांनंतर कॅनॉपीला वर्षाला अठरा-एकोणीस हजार, इतकीच ही परीक्षा आहे. एक वही ठेवा आणि तिच्यात कामाची तारीख, वेलीमागची मिनिटे, सळईची सरासरी आणि तोडणीची साखर-आम्लता लिहा. सलग दोन तोडण्यांत वायनरीच्या मर्यादेत माल बसला आणि किलोमागे कॅनॉपीचा खर्च दहा-बारा रुपयांत राहिला, तरच उरलेला अर्धा एकर लावा. माल बसला नाही तर आधी वहीतल्या तारखा तपासा. मजुरी कमी पडल्याने बिघडलेल्या बागांपेक्षा, पुरेशी मजुरी देऊनही ती दोन आठवडे उशिरा झाल्याने बिघडलेल्या बागा जास्त सापडतात, आणि ती चूक पुढच्या हंगामात एक पैसाही जास्त न घालता दुरुस्त करता येते.